खुनी माहीत असूनही पुन्हा वाचल्या जाणाऱ्या रहस्यकथा

शोधयात्री (धागाकर्ता)

रहस्यकथेच्या वाचकाला हमखास ऐकावा लागणारा प्रश्न असा की, खुनी कोण हे एकदा कळल्यावर तेच पुस्तक पुन्हा वाचण्यात काय हशील? प्रश्न रास्त आहे, कारण या प्रकारातली सगळी मांडणी शेवटच्या प्रकरणासाठीच केलेली असते असा सर्वसाधारण समज आहे. तो समज खरा असता, तर एडगर ॲलन पो यांनी एप्रिल १८४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात द्युपँ या हौशी शोधकाची पहिली कथा छापली तेव्हापासून आजवर लिहिल्या गेलेल्या बहुतेक रहस्यकथा एकदा वाचून रद्दीत जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात मात्र ॲगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, जॉन डिक्सन कार यांची पुस्तके लोक वर्षानुवर्षे जवळ बाळगतात आणि पुन्हा पुन्हा वाचतात. असे का होते, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच मांडतो. अभिजात रहस्यकथेची खरी गोडी उत्तरात नाही. उत्तर वाचकाच्या डोळ्यांसमोर उघडे ठेवूनही ते त्याला दिसू न देण्याच्या कारागिरीत आहे. ही कारागिरी पहिल्या वाचनात कळूच शकत नाही, कारण तेव्हा आपणच तिचे सावज असतो.

उदाहरणादाखल ख्रिस्ती यांची पहिलीच कादंबरी, 'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स', घेऊ. (खून कसा झाला एवढेच सांगणार आहे, कोणी केला हे नाही. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी हा परिच्छेद गाळून पुढे जावे.) पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत असताना ख्रिस्ती यांना विषांची जी ओळख झाली, तिच्यातून ही कादंबरी उभी राहिली आणि १९२० मध्ये अमेरिकेत व पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. घरातील वृद्ध मालकीण पहाटे स्ट्रिक्नीनच्या विषबाधेने मरण पावते. स्ट्रिक्नीन लवकर परिणाम करणारे विष आहे आणि कॉफी तर संध्याकाळी दिली गेली होती. मग मधले इतके तास कुठे गेले? सगळ्यांचे लक्ष कॉफीच्या कपावर आणि कोकोच्या भांड्यावर खिळलेले असते. वाचकाचेही तेच होते. उत्तर मात्र बाईंच्या रोजच्या औषधाच्या बाटलीत असते. त्या शक्तिवर्धक औषधात अल्प प्रमाणात स्ट्रिक्नीन आधीपासूनच असते, आणि त्यात ब्रोमाइडची पूड मिसळली की ते विष स्फटिकरूपाने हळूहळू तळाशी साचते. बाटली न हलवता औषध घेत गेल्यास शेवटच्या मात्रेत जवळपास सगळे विष एकदम पोटात जाते. ब्रोमाइडच्या पुड्यांची रिकामी पेटी वाचकाला आधीच दाखवलेली असते. बाई औषध घेत होत्या हेही सांगितलेले असते. लेखिकेने काहीही लपवलेले नसते. औषधनिर्मात्यांच्या एका व्यावसायिक नियतकालिकानेही त्या वेळी या विषयोजनेची प्रशंसा केली होती, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे.

दुसऱ्या वाचनात ती रिकामी पेटी पानावर अक्षरशः ओरडत असते, आणि आपण पहिल्या वेळी तिच्यावरून किती सहज पुढे गेलो याची मौज वाटते. १९३५ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या एका व्याख्यानात सेयर्स यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे हाच मुद्दा मांडला होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, लेखकाने वाचकाला खोटे सांगायचे नसते. वाचकाने स्वतःच स्वतःला खोटे सांगावे अशी व्यवस्था करायची असते.

याला आणखी एक पुरावा आहे. रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात कथेची रचनाच उलटी केली. पूर्वार्धात गुन्हा आणि गुन्हेगार वाचकाला समक्ष दाखवायचे आणि उत्तरार्धात त्यांचा शोधक डॉ. थॉर्नडाइक धूळ, धागे, काचेचे तुकडे यांवरून त्याच ठिकाणी कसा पोचतो ते सांगायचे. 'कोणी केले' हा प्रश्नच काढून टाकला तरी कथा वाचनीय राहते, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे.

एकच विनंती: प्रतिसादांत दुव्यांबद्दल, म्हणजे रहस्य उलगडणाऱ्या खुणांबद्दल, मोकळेपणाने लिहावे, पण गुन्हेगाराचे नाव कोणीही देऊ नये. ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'बद्दल तर जपूनच लिहावे, कारण त्या कादंबरीच्या रचनेविषयी एखादे कौतुकाचे वाक्य लिहिले तरी सगळा घात होतो.

तर्कटी

धाग्यातील विवेचन आवडले, पण ते या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय लेखकालाच लागू पडत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. त्यांपैकी वाचकाशी पूर्ण प्रामाणिक अशा किती निघतील? १८८७ मधल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्येच होम्स अमेरिकेला तार करतो. त्या तारेत त्याने नेमके काय विचारले आणि काय उत्तर आले, हे आपल्याला गुन्हेगार पकडला गेल्यानंतर कळते. हातात नसलेल्या पत्त्याने खेळ जिंकता येत नाही, तेव्हा वाचकाला तिथे काही संधी होती असे म्हणता येणार नाही.

वाचकाशी प्रामाणिक राहण्याचे नियम पुढच्या पिढीने केले. रहस्यकथाकार व्हॅन डाइन यांचे वीस नियम १९२८ चे, रोनाल्ड नॉक्स यांची दहा कलमे १९२९ ची, आणि रहस्यकथाकारांचा लंडनमधला डिटेक्शन क्लब १९३० चा. दैवी साक्षात्कार, योगायोग आणि अंतःप्रेरणा यांच्या बळावर आपल्या नायकाकडून गुन्हे उकलून घेणार नाही, अशी तिथे सभासदांकडून गमतीदार शपथ घेतली जात असे. कॉनन डॉइल यांनी यातले काहीही डोळ्यांसमोर ठेवून लिहिले नव्हते. 'सिल्व्हर ब्लेझ' या घोड्यांच्या शर्यतीवरील कथेत शर्यतींच्या नियमांचे इतके घोटाळे आहेत की, आपल्या पात्रांपैकी निम्मी तुरुंगात गेली असती आणि उरलेल्यांना शर्यतीच्या मैदानावर कायमची बंदी झाली असती, अशी कबुली त्यांनी स्वतःच पुढे दिली. तरीही ती कथा आजही आनंदाने वाचली जाते.

मला वाटते, होम्सकडे आपण परत जातो ते सहवासासाठी. बाहेर धुके, आत शेकोटी, जिन्यावर अनोळखी पावले, आणि पाहुण्याने तोंड उघडण्याआधीच होम्सने त्याची निम्मी कुंडली मांडलेली असते. हा पहिल्या चार पानांचा भाग कितीही वेळा वाचला तरी शिळा होत नाही. कोडे सुटण्याचा भाग मात्र पुष्कळदा घाईने आटोपलेला असतो. वॉटसन ज्यांचा नुसता उल्लेख करतो, त्या न लिहिलेल्या प्रकरणांची जादूही तीच. सुमात्राच्या महाकाय उंदराची हकिगत ऐकायला जग अजून तयार नाही, एवढे एक वाक्य सोडून डॉइल पुढे निघून जातात आणि वाचक मात्र तिथेच रेंगाळत राहतो. यात दुवे, न्याय, नियम काहीही नाही.

निशिगंध

शोधयात्री, तुमच्या सिद्धांताविरुद्ध एक मोठा साक्षीदार उभा करते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन हे रहस्यकथांचे अट्टल व्यसनी होते. १९४८ च्या 'द गिल्टी व्हिकॅरेज' या निबंधात त्यांनी आपल्या या व्यसनाची तुलना तंबाखू आणि दारूशी केली आहे. पण त्याच निबंधात ते असेही लिहितात की, कथा वाचून संपताच ती आपण विसरतो आणि ती पुन्हा वाचण्याची इच्छाही होत नाही. एखादी कथा पूर्वी वाचलेली आहे असे लक्षात आले, तर ती पुढे वाचवत नाही. म्हणजे या प्रकारावर इतके नितांत प्रेम करणाऱ्या माणसाला पुनर्वाचनाची गरजच नव्हती. त्यांच्या मते ओढ असते ती निष्पाप अवस्थेकडे परतण्याची. एका बंदिस्त, सुखी समाजात खून होतो, सगळेच संशयित ठरतात, आणि एकाच्या अपराधावर बोट ठेवले गेले की बाकीचे सगळे पुन्हा निर्दोष होतात.

ऑडन यांचे विश्लेषण मी आदराने वाचते, पण ते मला पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारणही या कथांमध्येच आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील रहस्यकथा म्हणजे वाड्यातल्या चहापार्टीत झालेला शिष्ट खून आणि शेवटी सगळे आलबेल, असे चित्र नंतर रूढ झाले. मूळ पुस्तके वाचली की युद्ध जागोजागी भेटते. ख्रिस्ती यांचा गुप्तहेर पॉयरो हा बेल्जियममधून आलेला निर्वासित आहे. सेयर्स यांचा हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी खंदकांतल्या अनुभवांनी आतून मोडलेला आहे, आणि १९३७ च्या 'बसमन्स हनिमून'मध्ये आपण पकडलेल्या गुन्हेगाराला फाशी होण्याच्या पहाटे तो कोसळतो. तिथे कोणाचेही निष्पापपण परत आलेले नाही.

तुम्ही म्हणता त्या कारागिरीचा मला सर्वांत आवडणारा नमुना सेयर्स यांच्याच १९२८ च्या 'द अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब'मध्ये आहे. पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या स्मृतिदिनी, ११ नोव्हेंबरला, एक वयोवृद्ध जनरल लंडनमधील क्लबाच्या खुर्चीत मृत आढळतो. त्याचा मृत्यू नेमका केव्हा झाला यावर एका मोठ्या वारशाचा निकाल अवलंबून असतो. वैद्यकीय तर्कवितर्क बरेच होतात, पण विम्झीच्या मनात खुपते ती एक साधी गोष्ट: म्हाताऱ्याच्या कोटावर युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ लावले जाणारे पॉपीचे फूल नव्हते. त्या दिवशी रस्त्यावरून चालत आलेला कोणीही जुना सैनिक पॉपी न लावता क्लबात शिरणे अशक्य होते. या दुव्यासाठी रसायनशास्त्र लागत नाही, बोटांचे ठसे लागत नाहीत. एका समाजाचे दुःख आणि ते व्यक्त करण्याची त्याची रीत ठाऊक असली की पुरे. अशी कथा मी पुन्हा वाचते तेव्हा कारागिरीचे कौतुक असतेच, पण त्याहून अधिक ओढ त्या काळाची आणि त्यातल्या माणसांची असते.

कुलूपकिल्ली

माझ्या सदस्यनामावरून माझा पक्ष कळला असेलच. बंद खोलीच्या कोड्याचा उल्लेख झाल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होणार नाही, कारण ज्या १८४१ च्या कथेने धाग्याची सुरुवात झाली ती मुळात बंद खोलीचीच कथा आहे. पुढे गास्तों लरू यांनी १९०७ मध्ये पिवळ्या खोलीचे कोडे रचले आणि जॉन डिक्सन कार यांनी या उपप्रकाराला कळसावर नेले. त्यांच्या १९३५ च्या 'द हॉलो मॅन'मध्ये सतरावे प्रकरण म्हणजे कार यांचे गुप्तहेर डॉ. गिडियन फेल यांचे एक व्याख्यानच आहे. तपास थांबवून हे अवाढव्य गृहस्थ जेवणाच्या टेबलावर बसून जाहीर करतात की आपण सगळे एका रहस्यकथेतील पात्रे आहोत आणि तसे नसल्याचे सोंग करण्यात अर्थ नाही. त्यानंतर खोली आतून बंद असताना खून करण्याच्या जितक्या म्हणून युक्त्या असू शकतात त्यांचे ते वर्गीकरण करतात: खुनी आत नव्हताच, खून वाटला तो अपघात होता, दार आतून लावलेले आहे असा केवळ भास निर्माण केला गेला, वगैरे. लेखक स्वतःच्या गाठोड्यातली सगळी हत्यारे वाचकासमोर मांडतो आणि तरीही त्याला फसवतो, असा आत्मविश्वास मी अन्यत्र पाहिलेला नाही.

परंतु इथेच एक गोष्ट मान्य करावी लागते. बंद खोलीची उकल बहुधा निराश करते. दोरी, खिळा, आरसा, पळभराची हातचलाखी – बस, एवढेच? फेल महाशयांनी यालाही उत्तर देऊन ठेवले आहे: परिणाम इतका जादूसारखा असतो की त्याचे कारणही जादूचेच असावे अशी आपली नकळत अपेक्षा असते. म्हणून या प्रकारात पुनर्वाचन उलट अधिक फलदायी ठरते असे माझे निरीक्षण आहे. निराशा एकदा पचली की नजर रचनेकडे वळते.

या प्रकाराची चिवटता पाहायची असेल, तर जपानकडे पाहावे. कागदी सरकत्या दारांच्या घरात बंद खोली कशी रचणार, हा प्रश्न सेइशी योकोमिझो यांनी १९४६ च्या 'द होंजिन मर्डर्स'मध्ये अंगावर घेतला आणि भोवतीच्या बर्फाची मदत घेऊन सोडवला. पुढे सेइचो मात्सुमोतो यांच्या प्रभावाने तिथली रहस्यकथा सामाजिक वास्तवाकडे वळली आणि कोडे मागे पडले. १९८१ मध्ये सोजी शिमादा यांनी 'द टोकियो झोडिॲक मर्डर्स'मध्ये कथा मध्येच थांबवून वाचकाला उघड आव्हान दिले. १९८७ मध्ये युकितो आयात्सुजी यांनी विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातील विद्यार्थी एका ओसाड बेटावर नेऊन सोडले. त्या विद्यार्थ्यांची टोपणनावे एलरी, कार, लरू, ॲगाथा अशी आहेत. इंग्लंडमध्ये ज्याला जुनाट म्हणून बाजूला सारले गेले होते, ते जगाच्या दुसऱ्या टोकाला तरुण लेखकांनी बंडाच्या भावनेने हाती घेतले.

शोधयात्री (धागाकर्ता)

तिन्ही प्रतिसाद वाचून विचारांना खाद्य मिळाले.

तर्कटी, होम्स पुष्कळदा पत्ते लपवून खेळतो हे खरे आहे. पण ज्या 'सिल्व्हर ब्लेझ'ची तुम्ही थट्टा केलीत, तीच कथा माझ्या बाजूची साक्ष देते. रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो, कुत्रा आत असतो, आणि माळ्यावर झोपलेली दोन मुले जागी होत नाहीत. ही माहिती आपल्याला होम्सच्या बरोबरीने मिळते. जे घडले ते तर आपण पाहतोच. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते दिसायला वेगळी नजर लागते. डॉइल यांना शर्यतींचे नियम ठाऊक नसतील, पण वाचकाची नजर कुठे अडखळत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

निशिगंध, ऑडन यांचा दाखला बिनतोड आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. विसरून जाणारा वाचक आणि परतून येणारा वाचक असे दोन वेगळे स्वभाव असावेत. मात्र पॉपीच्या दुव्याचे तुम्ही जे वर्णन केलेत, त्यात काळाची ओढ आणि कारागिरी वेगळी काढता येते असे मला वाटत नाही. पॉपी तेव्हा इतकी सर्वत्र होती की तिचा अभाव नजरेतून सुटावा, यातच लेखिकेचे कसब आहे.

परखड

इथे सर्वजण एकमेकांना टाळ्या देत आहेत, म्हणून थोडे कडू बोलतो. या परंपरेवर तिच्या ऐन बहराच्या शेवटी दोन जबर हल्ले झाले आणि त्यांची धार आजही बोथट झालेली नाही. १९४४ मध्ये अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी ए. ए. मिल्न यांच्या १९२२ च्या 'द रेड हाउस मिस्ट्री'ची चिरफाड केली: मृताची ओळख पटवण्याची साधी कायदेशीर प्रक्रिया नीट पार पडली असती तर ते कोडे उभेच राहिले नसते, असे त्यांनी मुद्देसूद दाखवले. पुढच्याच वर्षी समीक्षक एडमंड विल्सन यांनी, रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले याची कोणाला पर्वा आहे, अशा अर्थाचे शीर्षक देऊन लेख लिहिला आणि सेयर्स यांच्या गाजलेल्या 'द नाइन टेलर्स'ला कंटाळवाणी ठरवले.

विल्सन मला एकांगी वाटतात. चँडलर यांचे म्हणणे मात्र टाळता येत नाही. या कथांतील पात्रे पुष्कळदा वेळापत्रकासाठी जन्माला आलेली असतात. पावणेनऊला जिन्यावर कोण होते एवढ्यापुरतेच त्यांचे आयुष्य. नोकरचाकर, परदेशी, ज्यू यांच्याबद्दलचा सूर अनेक ठिकाणी आज वाचवत नाही. त्यावर 'तो काळच तसा होता' असे म्हणून पडदा टाकणे मला पटत नाही.

आणि धागाकर्त्यांच्या मूळ सिद्धांताला सुरुंग लावणारे पुस्तक तर याच परंपरेने लिहिले आहे. अँथनी बर्कली यांच्या १९२९ च्या 'द पॉइझन्ड चॉकलेट्स केस'मध्ये पोलिसांनी हात टेकलेले एक विषप्रयोगाचे प्रकरण सहा हौशी अभ्यासक हाती घेतात आणि एकामागून एक सहा उत्तरे सादर करतात. दुवे बहुतांशी तेच, आणि बहुतेक प्रत्येक उत्तर ते उलगडले जात असताना पटते. मग दुव्यांपासून एकाच अटळ निष्कर्षाकडे नेणारा तो प्रामाणिक मार्ग राहिला कुठे? शेवटच्या प्रकरणात जो बोलतो तो खरा, एवढाच काय तो नियम उरतो. उत्तर दुव्यांत दडलेले नसते. लेखक जिथे थांबतो ते उत्तर.

निशिगंध

परखड, वर्गाविषयीच्या आंधळेपणाबद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण एक भर घालते. काही लेखकांनी त्याच आंधळेपणाला कोड्याचे यंत्र बनवले. जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउन या पाद्री-गुप्तहेराच्या १९११ च्या पहिल्या संग्रहात 'दि इन्व्हिजिबल मॅन' ही कथा आहे. एका इमारतीवर चार जण पहारा ठेवतात. बर्फात पावलांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात, तरी आत कोणीही गेले नाही असे चौघेही मनापासून सांगतात. कोणीच खोटे बोलत नसते. फादर ब्राउन समजावतात की लोक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. आपल्याला काय विचारायचे आहे असे त्यांना वाटते, त्याचे उत्तर देतात. एखाद्या मोठ्या घराच्या मालकिणीला तुमच्याकडे कोणी राहते का असे विचारले, तर ती 'नाही' म्हणेल आणि घरातले सगळे नोकर तिच्या हिशेबातही येणार नाहीत. चौघांच्या नजरेतून कोण सुटले हे इथे सांगता येत नाही, पण कळल्यावर वाचकाला स्वतःच्या नजरेबद्दल प्रश्न पडतो. चँडलर यांच्या कथांतल्या शहरी गल्लीबोळांत न जाताही समाजाविषयी बोलता येते, ते असे.

कुलूपकिल्ली

बर्कली यांच्या त्या कादंबरीबद्दल परखड यांचे निरीक्षण मार्मिक आहे, मात्र तिच्यातून मी वेगळा अर्थ काढतो. पहिली पाच उत्तरे जशी खोडली जातात, तो भाग पाहावा. कोणी माणसांचे स्वभाव चुकीचे वाचलेले असतात, कोणी तपासून न पाहिलेले एखादे विधान सत्य म्हणून धरलेले असते. उत्तर केवळ पटणारे असून भागत नाही, प्रत्येक दुव्याचा हिशेब लागावा लागतो, हे ती कादंबरी जितक्या कठोरपणे दाखवते तितके कोणताही नियमांचा तक्ता दाखवत नाही. एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोघा मावसभावांनी त्याच वर्षी, १९२९ मध्ये, 'द रोमन हॅट मिस्ट्री'त वाचकाला आव्हान देण्याची प्रथा सुरू केली. नाट्यगृहात मारल्या गेलेल्या माणसाची रेशमी टोपी गायब आहे. ती का, याचा हिशेब लागला की बाकीचे सगळे जुळते. एकच गहाळ वस्तू धरून सबंध कादंबरी तोलून धरायची, हे शिस्तीशिवाय जमत नाही.

परखड

हिशेब लागावा लागतो, हे मान्य. पण बेरीज जुळली म्हणून आकडे खरे ठरत नाहीत, एवढे बोलून माझ्यापुरता हा मुद्दा थांबवतो.

नवी वाचक

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. मी आजवर या कथांवरील चित्रपट आणि मालिकाच पाहिल्या आहेत, मूळ पुस्तके वाचलेली नाहीत. कोणत्या क्रमाने वाचावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

तर्कटी

होम्सच्या कादंबऱ्यांपेक्षा कथा आधी वाचा. १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या पहिल्या बारा कथांचा संग्रह घ्या आणि एका बैठकीत एकच कथा वाचा. सलग वाचल्यास साचा दिसू लागतो आणि मजा जाते.

निशिगंध

सेयर्स वाचायच्या ठरवल्या, तर विम्झी आणि हॅरिएट व्हेन यांच्या चार कादंबऱ्या प्रकाशनाच्याच क्रमाने वाचाव्यात: 'स्ट्राँग पॉइझन', 'हॅव हिज कार्कस', 'गॉडी नाइट' आणि 'बसमन्स हनिमून'. तिसरीत तर खूनच नाही, तरी ती चौघींत सर्वांत श्रेष्ठ आहे असे माझे मत आहे. पहिल्या दोन न वाचता तिच्याकडे वळलात तर त्या दोघांमधला ताण निम्माच कळेल.

कुलूपकिल्ली

'द हॉलो मॅन' सुरुवातीला घेऊ नका. त्यातल्या व्याख्यानात जुन्या कथांच्या युक्त्या उघड केल्या आहेत. त्या कथा वाचायच्या राहून गेल्या असतील तर नुकसान तुमचेच.

शोधयात्री (धागाकर्ता)

रॉजर ॲक्रॉइडची कादंबरी मात्र लवकरात लवकर वाचून टाका, कोणी तिच्याविषयी काही बोलून जाण्याच्या आत. त्यानंतर 'स्टाइल्स' घ्या. वरचा माझा परिच्छेद तुम्ही वाचला असेल तर विषाची युक्ती तुम्हाला कळलेली आहे, तेव्हा थेट दुसऱ्या वाचनाचाच आनंद मिळेल आणि खुनी तरीही शोधावा लागेल. एक गंमत ध्यानात ठेवा: या कादंबरीच्या मूळ हस्तलिखितात पॉयरो सगळा उलगडा न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून करत होता, प्रकाशकांना ते पटले नाही, म्हणून ख्रिस्ती यांनी ते प्रकरण नव्याने लिहून सर्वांना घरातल्या दिवाणखान्यात बसवले. प्रत घेताना घराचे आणि मृत बाईंच्या शयनगृहाचे आराखडे छापलेली आवृत्ती पाहून घ्या आणि त्या पानांना खूण घालून ठेवा. शयनगृहाला तीन दारे आहेत, आणि कोणते दार कोणाच्या खोलीकडे उघडते हे आराखडा समोर असल्याशिवाय लक्षात राहत नाही.